शब्दकोश आणि राजकीय संज्ञा

राज्यसंस्था, सत्ता, संपत्ती, नागरिकत्व, वंश, जात, धर्म इ. सार्वजनिक विषयांशी निगडित असलेल्या शब्दांचे अर्थ देताना कोशकाराची, त्याच्या आश्रयदात्याची किंवा त्याच्या काळाची राजकीय दृष्टी शब्दकोशात उतरते. या वैचारिक कलाचे दोन प्रकार सामान्यतः दिसून येतात. पहिला उघड अभिनिवेशाचा. त्यात कोशकार आपले मत व्याख्येतच सांगून टाकतो. दुसरा अप्रकट कलाचा. त्यात व्याख्या वरकरणी तटस्थ असते. परंतु शब्दांची निवड, अर्थांचा क्रम, उदाहरणे व अनुल्लेख यांतून एक बाजू स्वाभाविक आणि दुसरी अपवादात्मक ठरत जाते. पहिला प्रकार वाचकाच्या तत्काळ ध्यानात येतो आणि म्हणूनच तो फारसा अपायकारक ठरत नाही. दुसरा प्रकार सहसा ध्यानात येत नाही. शब्दकोशाकडे वाचक वाद घालण्यासाठी नव्हे, तर वाद मिटविण्यासाठी वळतो. त्यामुळे कोशाच्या अधिकाराबरोबरच त्यातील कलही प्रमाण मानला जाण्याचा संभव असतो.

राजकीय संज्ञांचे स्वरूप : ‘त्रिकोण’ किंवा ‘गंधक’ या शब्दांची व्याख्या करताना वस्तूचे व्यवच्छेदक गुण सांगितले की काम भागते. ‘लोकशाही’, ‘स्वातंत्र्य’, ‘राष्ट्र’, ‘क्रांती’, ‘दहशतवाद’ यांसारख्या शब्दांची स्थिती वेगळी आहे. त्यांत वर्णन आणि मूल्यमापन ही दोन्ही अंगे एकमेकांत मिसळलेली असतात. एखाद्या राजवटीस लोकशाही म्हणणे हे तिचे वर्णन तर आहेच, पण ते तिचे समर्थनही आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स स्टीव्हन्सन यांनी १९३८ मध्ये या संदर्भात मन वळविणाऱ्या व्याख्यांची कल्पना मांडली. शब्दाभोवतीचे भावनिक वलय कायम ठेवून त्याचा वर्णनात्मक आशय बदलणे, हे अशा व्याख्येचे कार्य होय. ‘खरे स्वातंत्र्य म्हणजे…’ अशी सुरुवात झाली की बहुधा अशीच व्याख्या पुढे येत असते. ब्रिटिश तत्त्वज्ञ डब्ल्यू. बी. गॅली यांनी १९५६ मध्ये याहून पुढचा विचार मांडला. काही संकल्पनांचा योग्य वापर कोणता, यासंबंधीचा वाद हा त्या संकल्पनांच्या स्वरूपाचाच भाग असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. अशा संकल्पनांना त्यांनी मूलतः विवाद्य संकल्पना म्हटले व लोकशाहीचा समावेश त्यांत केला. हे मत ग्राह्य धरल्यास कोशकारापुढे एक अडचण उभी राहते. व्याख्या एकच द्यावयाची, तर वादातील एक पक्ष स्वीकारावा लागतो. आणि सर्व पक्ष द्यावयाचे, तर शब्दकोशाचा संक्षेप टिकत नाही.

वैचारिक कलाची स्थाने : कोशातील नोंदीची रचना पाहता हा कल पुढील ठिकाणी आढळतो :

(१) नोंदशब्दांची निवड : कोणता शब्द भाषेचा मानावयाचा व कोणता तात्पुरता, ग्राम्य किंवा परका म्हणून वगळावयाचा, हा पहिला निर्णय होय. वगळलेल्या शब्दाबरोबर तो वापरणाऱ्यांचा अनुभवही कोशाबाहेर राहतो.

(२) जातिवाचक पद : व्याख्येत शब्दाची जाती प्रथम सांगावी लागते. ‘संप’ म्हणजे कामात आणलेला अडथळा, असे म्हटले की तो उपद्रवांच्या वर्गात जातो. मागण्या मान्य करून घेण्यासाठी कामगारांनी सामुदायिक रीत्या काम थांबविणे, असे म्हटले की तो कृतींच्या वर्गात येतो. दोन्ही वाक्यांत असत्य काही नाही. पहिले वाक्य मालकाच्या जागेवरून लिहिलेले आहे, एवढेच.

(३) अर्थांचा क्रम : पहिल्या क्रमांकाचा अर्थ हाच मुख्य अर्थ, असे वाचक गृहीत धरतो. काही कोशांत हा क्रम ऐतिहासिक असतो, तर काहींत तो प्रचाराच्या प्रमाणावर ठरतो. कोणते तत्त्व अनुसरले आहे हे प्रस्तावनेत सांगितलेले असते; पण प्रस्तावना क्वचितच वाचली जाते.

(४) वापरदर्शक खुणा : ‘जुना’, ‘ग्राम्य’, ‘निंदाव्यंजक’, ‘ऐतिहासिक’ यांसारख्या खुणा शब्दाचे स्थान ठरवितात. एखादी प्रथा चालू असताना तिच्या नावापुढे ‘ऐतिहासिक’ असे लिहिणे म्हणजे ती संपली असल्याचा निर्वाळा देणे होय.

(५) उदाहरणवाक्ये : व्याख्या काटेकोर असली, तरी उदाहरणांतून कर्ता कोण व कर्म कोण हे ठरते. ‘जमाव’ या शब्दाची सर्व उदाहरणे दगडफेकीची आणि ‘पोलीस’ या शब्दाची सर्व उदाहरणे बंदोबस्ताची असतील, तर वाचकाच्या मनात एक चित्र नकळत तयार होते.

(६) अनुल्लेख : एखाद्या शब्दाचा रूढ झालेला अर्थ न देणे, हा कलाचा सर्वांत शांत प्रकार आहे. त्याचा पुरावा नोंदीत सापडत नाही. तो दुसरा कोश शेजारी ठेवल्यावरच सापडतो.

पाश्चात्त्य कोशांतील उदाहरणे : उघड अभिनिवेशाचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे सॅम्युएल जॉन्सन (१७०९–८४) यांचा १७५५ मध्ये प्रसिद्ध झालेला इंग्रजी भाषेचा कोश. जॉन्सन टोरी विचारांचे होते. ‘टोरी’ या शब्दाचा अर्थ त्यांनी राज्याची प्राचीन घटना आणि इंग्लंडच्या चर्चची परंपरागत व्यवस्था मानणारा, असा गौरवाने दिला. ‘व्हिग’ची बोळवण मात्र एका गटाचे नाव एवढ्यावरच केली. अबकारी कराला त्यांनी तिरस्करणीय म्हटले व तो ठरविणाऱ्या अधिकाऱ्यांची भाडोत्री म्हणून संभावना केली. त्यावर अबकारी खात्याने महान्यायवादींचा सल्ला घेतला. ही व्याख्या बदनामीकारक ठरू शकते, असा अभिप्राय मिळाला. परंतु खटला भरण्यात आला नाही. ‘पेन्शन’ म्हणजे इंग्लंडात सामान्यतः देशद्रोहाबद्दल सरकारी भाडोत्र्यास मिळणारे वेतन, अशा आशयाचा अर्थ त्यांनी दिला होता. पुढे १७६२ मध्ये त्यांना स्वतःलाच राजाकडून वार्षिक ३०० पौंडांचे पेन्शन मिळाले व विरोधकांनी ही नोंद त्यांच्यावरच उलटविली. अशा नोंदी त्या कोशात अगदी थोड्या आहेत. त्या वाचणाऱ्यास जॉन्सन यांचे मत कळते, शब्दाचा सर्वमान्य अर्थ कळल्याचा भ्रम होत नाही.

फ्रान्समध्ये कोशकार्य आरंभापासून राज्यसत्तेशी जोडलेले होते. फ्रेंच अकादमीचा कोश १६९४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला, तो चौदाव्या लुईस अर्पण केलेला होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, ही अकादमी बरखास्त करण्यात आली. कोशाची पाचवी आवृत्ती १७९८ मध्ये अकादमीच्या देखरेखीविना निघाली. तिच्या अखेरीस क्रांतीनंतर रूढ झालेल्या शब्दांची पुरवणी जोडण्यात आली. ज्या कोशाचा आरंभ राजाला केलेल्या अर्पणाने झाला होता, त्याच्याच अखेरीस राजसत्ता उलथविणाऱ्यांचा शब्दसंग्रह आला. ‘ॲरिस्टोक्रॅट’ हा शब्द या पुरवणीत जुन्या राजवटीच्या पक्षपात्यांना क्रांतीपासून दिलेले नाव म्हणून नोंदविला आहे. हे नाव कोणी कोणाला आणि केव्हापासून दिले, याचा त्यात निर्देश आहे. राजकीय शब्दाची नोंद कशी करावी, याचे हे एक चांगले उदाहरण मानता येईल.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोआ वेब्स्टर (१७५८–१८४३) यांनी १८२८ मध्ये दोन खंडांचा अमेरिकन कोश प्रसिद्ध केला. नव्या राष्ट्राच्या संस्था वेगळ्या असल्याने ‘काँग्रेस’, ‘सीनेट’, ‘असेंब्ली’ यांसारख्या शब्दांचे अर्थ इंग्लंडमधील कोशांवरून समजणार नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. ती रास्त होती. स्वतंत्र राष्ट्राला स्वतंत्र कोश हवा, हा मात्र स्वतः एक राजकीय विचार होता. शिवाय वेब्स्टर धर्मनिष्ठ असल्यामुळे त्यांच्या उदाहरणांत बायबलमधील वचनांना मोठे स्थान मिळाले व कर्तव्य, शासन, विवाह यांसारख्या शब्दांच्या विवरणात ख्रिस्ती नीतिविचार सहजगत्या आला.

विसाव्या शतकात एकपक्षीय राजवटींनी शब्दकोशांकडे प्रशासनाचे साधन म्हणून पाहिले. सोव्हिएट रशियात द. न. उशाकोव्ह (१८७३–१९४२) यांच्या संपादकत्वाखाली रशियन भाषेचा चार खंडांचा कोश १९३५ ते १९४० या काळात प्रसिद्ध झाला. कोशशास्त्राच्या दृष्टीने तो दर्जेदार असून आजही अभ्यासला जातो. त्यात क्रांतिपूर्व जीवनाशी संबंधित शब्दांसाठी वेगळी खूण योजलेली होती आणि लेनिन व स्टालिन यांच्या लेखनातून उदाहरणे घेतलेली होती. जर्मनीत ‘डूडेन’ या शुद्धलेखनकोशाच्या १९३४ व १९४१ च्या आवृत्त्यांत नाझी राजवटीचे अनेक शब्द आले. युद्धानंतर १९४७ मध्ये निघालेल्या आवृत्तीत त्यांतील बहुतेक गाळण्यात आले. देशाच्या फाळणीबरोबर कोशाचीही फाळणी झाली : पूर्व जर्मनीत लाइपसिकहून १९५१ मध्ये आणि पश्चिम जर्मनीत मॅनहाइमहून १९५४ मध्ये स्वतंत्र आवृत्त्या निघाल्या. एकत्रीकरणानंतरची सामाईक आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. पूर्व बर्लिनमध्ये रूट क्लापनबाख व व्होल्फगांग श्टाइनिट्स यांनी सहा खंडांत संपादिलेल्या समकालीन जर्मन भाषेच्या कोशाचा (१९६१–७७) इतिहास अधिक बोधप्रद आहे. पहिल्या तीन खंडांत दोन्ही जर्मन राज्यांतील शब्दभेद खुणांनी दर्शविण्यावर भर होता. चौथ्या खंडापासून मात्र संपूर्ण शब्दसंग्रह मार्क्सवादी-लेनिनवादी विश्वदृष्टीच्या पायावर मांडण्यात येईल, असे प्रकटपणे जाहीर करण्यात आले. त्यामुळे एकाच कोशाच्या आधीच्या व नंतरच्या खंडांत वर्णमालेच्या मधोमध दृष्टिकोन बदललेला आढळतो.

विश्वकोशही या दबावापासून मुक्त राहिलेले नाहीत. बृहत् सोव्हिएट विश्वकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत बेरिया या नेत्यावर सविस्तर लेख होता. १९५३ मध्ये त्याच्या पतनानंतर ग्राहकांकडे नवी पृष्ठे पाठवून जुनी कापून काढण्यास सुचविण्यात आले. नव्या पृष्ठांवर बेरिंग समुद्रासंबंधीचा मजकूर वाढविलेला होता. जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ मधील कादंबरीत आवृत्तीगणिक शब्द कमी होत जाणाऱ्या ज्या कोशाची कल्पना आहे, तिला वास्तवाचा आधार होता, असे यावरून दिसते.

ऐतिहासिक पद्धती व तिच्या मर्यादा : कोशकाराचे मत बाजूला ठेवण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न ऑक्सफर्ड इंग्रजी कोशात झाला. १८८४ ते १९२८ या काळात भागशः प्रसिद्ध झालेल्या या कोशात अठरा लाखांहून अधिक अवतरणे आहेत. शब्दाचा प्रत्येक अर्थ कालक्रमाने व लेखी पुराव्यासह द्यावयाचा, हे त्याचे तत्त्व होय. या पद्धतीत व्याख्येवर शंका आली, तर वाचक खालील अवतरणांवरून ती पडताळू शकतो. राजकीय शब्दांच्या बाबतीत या सोयीचे मोल मोठे आहे. कारण ‘डेमॉक्रसी’सारखा शब्द शतकानुशतके भीतीने किंवा तुच्छतेने उच्चारला जात असे आणि त्याला आजची प्रतिष्ठा फार उशिरा लाभली, हे अवतरणांच्या रांगेतून आपोआप समजते.

तथापि पुरावाही निवडावाच लागतो. मान्यवर साहित्यिकांची अवतरणे विपुल मिळतात. कामगारांची पत्रके, स्त्रियांचा पत्रव्यवहार, वसाहतींतील वृत्तपत्रे यांतून ती तितकी मिळत नाहीत. वृत्तपत्रांतील अवतरणे घ्यावीत की नाहीत, याविषयी या कोशाचे संपादक जेम्स मरी (१८३७–१९१५) यांना विद्यापीठाच्या प्रकाशनमंडळाशी वाद करावा लागला होता. राजकीय शब्द प्रथम वृत्तपत्रांतच जन्मतात, हे लक्षात घेतल्यास या वादाचे महत्त्व कळते. याउलट, पुरावा आहे म्हणून अपमानास्पद अर्थही नोंदवावा काय, असाही प्रश्न उपस्थित होतो. ज्यू समाजाच्या नावाचा निंदाव्यंजक वापर कोशातून काढून टाकावा, यासाठी लंडनमध्ये भरण्यात आलेला दावा १९७३ मध्ये निकालात निघाला व तो फेटाळला गेला. पुरवणीचे संपादक रॉबर्ट बर्चफील्ड (१९२३–२००४) यांनी असे अर्थ गाळण्यास नकार दिला. मात्र ते अवमानकारक आहेत हे स्पष्ट करणारी खूण आणि त्यांच्या उगमाचे ऐतिहासिक कारण नोंदीत द्यावे, हा मार्ग स्वीकारला.

मराठी कोशपरंपरा : मराठी भाषकांच्या इतिहासात कोश आणि राज्यसत्ता यांचा संबंध फार पूर्वीच जडलेला दिसतो. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर (१६७४) रघुनाथपंडिताने राज्यव्यवहारकोश सिद्ध केला. कारभारात रूढ झालेल्या फार्सी व अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा पद्यमय ग्रंथ दहा वर्गांत विभागलेला आहे. पेशवा–प्रधान, मुजुमदार–अमात्य, सुरनीस–सचिव, सरनोबत–सेनापती, डबीर–सुमंत अशी अष्टप्रधानांची नावे याच भाषिक धोरणाची द्योतक आहेत. भाषेतील रूढीची नोंद करणे हा येथे हेतू नव्हता. नव्या सार्वभौम सत्तेला साजेशी भाषा घडविणे हा होता. या प्रयत्नाची मर्यादाही उल्लेखनीय आहे. ‘सेनापती’ व ‘सचिव’ हे शब्द टिकले. परंतु ‘पेशवा’ हा शब्द कोशाने बदलला तरी व्यवहाराने सोडला नाही, आणि पुढे मराठी सत्तेचे एक संपूर्ण शतक त्याच नावाने ओळखले गेले. स्वातंत्र्योत्तर काळात, महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर, भाषा संचालनालयाच्या पदनामकोशासंबंधी (१९६२) झालेल्या वादात याच प्रश्नाची पुनरावृत्ती झाली.

एकोणिसाव्या शतकातील मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश (१८३१; दुसरी आवृत्ती १८५७) हा कंपनी सरकारच्या आश्रयाने आणि मराठी शास्त्र्यांच्या साहाय्याने तयार झाला. बोली, म्हणी, शेती, धंदे यांच्या नोंदींमुळे तो अनन्यसाधारण ठरला आहे. परंतु द्विभाषी कोशात अर्थाचे मोजमाप परक्या भाषेच्या संस्थांनी होते. ‘वतन’, ‘इनाम’, ‘सरंजाम’ यांना इंग्रजी जमीनदारीच्या परिभाषेतील प्रतिशब्द दिले की, त्यांमागील सेवा, हक्क व मान यांची गुंतागुंत एका कायदेशीर कल्पनेत बसविली जाते. १८५७ च्या घटनेला ‘बंड’ म्हणावे, ‘उठाव’ म्हणावे की ‘स्वातंत्र्यसमर’, हा वादही केवळ इतिहासकारांचा नाही. यांपैकी कोणता शब्द कोणत्या शब्दाचा पर्याय म्हणून द्यावयाचा, हे कोशकारालाही ठरवावेच लागते.

‘स्वराज्य’ या शब्दावरून ऐतिहासिक क्रमाचे महत्त्व स्पष्ट होते. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाच्या काळी मोगल बादशहाकडून मिळालेल्या सनदांत चौथाई व सरदेशमुखी यांबरोबर स्वराज्याची सनद होती; तेथे हा शब्द मराठ्यांच्या मूळ मुलखाचा वाचक आहे. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये दादाभाई नवरोजी यांनी स्वराज्याची मागणी केली, तेव्हा ब्रिटिश वसाहतींना लाभलेल्या स्वशासनासारखी व्यवस्था तीत अभिप्रेत होती. १९२९ च्या लाहोर अधिवेशनात त्याचा अर्थ पूर्ण स्वातंत्र्य असा ठरला. ‘आपले राज्य’ एवढाच अर्थ देणारी नोंद चूक नाही. पण हा सर्व संघर्ष तिने पुसून टाकलेला असतो.

मराठीत आणखी एक विशेष आढळतो. पाश्चात्त्य राजकीय संज्ञांना प्रतिशब्द देताना कोठे ‘-शाही’ तर कोठे ‘-वाद’ हे उत्तरपद लागले. समाजवाद, साम्यवाद, राष्ट्रवाद, उदारमतवाद हे ‘वाद’ झाले. भांडवलशाही, सरंजामशाही, नोकरशाही, हुकूमशाही या ‘शाही’ झाल्या. ‘वाद’ म्हणजे विचारसरणी व ‘शाही’ म्हणजे अंमल. इंग्रजीत एकाच प्रत्ययाने तयार झालेली ‘समाजवाद’ व ‘भांडवलशाही’ ही जोडी मराठीत अशी विभागली गेली की, पहिली संज्ञा तत्त्व सांगते आणि दुसरी सत्ता. हिंदीत मात्र ‘पूंजीवाद’ असा शब्द रूढ आहे. ‘लोकशाही’ हा शब्दही याच घडणीचा असल्यामुळे ‘-शाही’ नेहमीच निंदाव्यंजक असते असे नव्हे. पण व्याख्या लिहिण्यापूर्वीच प्रतिशब्दाने काही अर्थ ठरवून टाकलेला असतो, हे यावरून दिसते.

बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने (१९७६) संविधानाच्या उद्देशिकेत आलेल्या ‘सेक्युलर’ या शब्दासाठी मराठी पाठात ‘धर्मनिरपेक्ष’, तर हिंदी पाठात ‘पंथनिरपेक्ष’ हा शब्द आहे. भारतीय परंपरेत ‘धर्म’ या शब्दास कर्तव्य व नीती असाही अर्थ असल्याने राज्य धर्मनिरपेक्ष असू शकत नाही, असे एका पक्षाचे म्हणणे आहे. आधुनिक मराठीत ‘धर्म’ हा शब्द हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती इ. धर्मांसाठीच रूढ असल्याने त्यात संदिग्धता नाही, असे दुसऱ्या पक्षाचे मत आहे. ‘निधर्मी’, ‘इहवादी’, ‘सर्वधर्मसमभाव’ हे शब्दही याच संकल्पनेसाठी वापरले जातात आणि प्रत्येकाची राजकीय दिशा भिन्न आहे. ते सर्व परस्परांचे पर्याय म्हणून एका ओळीत देणारा कोश वाचकाची दिशाभूल करतो.

शब्दाचा अर्थ ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न ‘दलित’ या संज्ञेच्या इतिहासात सर्वांत तीव्रतेने व्यक्त होतो. मोल्सवर्थ यांच्या कोशात हा शब्द दळलेले, मोडलेले, तुकडे केलेले अशा सामान्य अर्थाने येतो. माणसांचा उल्लेख त्यात नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांसाठी वापरात आला. त्याच सुमारास महात्मा गांधींनी ‘हरिजन’ हा शब्द प्रचारात आणला. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांविषयीच्या विधेयकातील या शब्दास स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध केला व बाबासाहेब आंबेडकरांसह त्या पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. ज्यांना नाव दिले जाते त्यांचे त्याविषयीचे मत विचारात घेतले पाहिजे, हा त्यामागील मुद्दा होता. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने १९७३ च्या आपल्या जाहीरनाम्यात ‘दलित’ शब्दाची व्याख्या स्वतःच केली. अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन व गरीब शेतकरी, स्त्रिया आणि राजकीय, आर्थिक व धर्माच्या नावाने पिळवणूक होणारे सर्व जण तीत समाविष्ट होते. पुढे २०१८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने खाजगी दूरचित्रवाणी वाहिन्यांना या शब्दाऐवजी ‘अनुसूचित जाती’ ही घटनात्मक संज्ञा वापरण्याची सूचना केली. तिला अनेक दलित नेत्यांनी व कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला. ‘अनुसूचित जाती’ ही संज्ञा शासकीय यादीतील स्थान सांगते. ‘दलित’ ही संज्ञा दळले जाण्याची क्रिया सांगते आणि ती कोणी केली हा प्रश्नही उपस्थित करते. दोहोंचा निर्देश बहुतांशी एकाच जनसमूहाकडे असला, तरी त्यांचा अर्थ एक नाही. कोशात एकीच्या पुढे दुसरी लिहून थांबणे म्हणूनच अपुरे ठरते.

परिणाम : कोशातील व्याख्येचे परिणाम वाचकाच्या ज्ञानापुरते मर्यादित राहत नाहीत. कायद्यात व्याख्या दिलेली नसेल, तर न्यायालये शब्दाचा सामान्य अर्थ शोधताना शब्दकोशांचा आधार घेतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रे बाळगण्याच्या हक्काविषयीच्या २००८ मधील हेलर खटल्यात जॉन्सन यांच्या कोशाची १७७३ ची आवृत्ती व वेब्स्टर यांचा १८२८ चा कोश यांचा आधार घेतला. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी एका व्यक्तीने लिहिलेली व्याख्या अशा रीतीने आजच्या नागरिकाचा हक्क ठरविण्यास साहाय्यभूत होते. २०२० मध्ये मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन कोशसंस्थेने वंशवादाच्या व्याख्येत सामाजिक व संस्थात्मक अंग अधिक स्पष्ट करण्याचे मान्य केले. व्यक्तीच्या मनातील द्वेष एवढाच वंशवादाचा अर्थ घेतला जातो व वादात त्यासाठी कोशाचाच दाखला दिला जातो, अशी तक्रार एका वाचकाने केली होती. व्यवस्थेसंबंधीचा अर्थ त्या कोशात आधीपासून होता. परंतु तो दुसऱ्या क्रमांकावर व संक्षिप्त होता. अर्थांच्या क्रमाचे परिणाम किती दूरवर जातात, याचे हे उदाहरण होय.

तटस्थतेचे निकष : मूल्यमापनाचा स्पर्श न झालेली राजकीय व्याख्या बहुधा अशक्य आहे. म्हणून सर्वच व्याख्या सारख्याच पक्षपाती, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. कोशकाराने स्वतःच्या मताने व्याख्या रंगविणे आणि समाजातील मतभेदाची नोंद करणे यांत मूलभूत फरक आहे. चांगल्या नोंदीत शब्दाचा उगम व काल दिलेला असतो. तो कोणी कोणासाठी वापरला, हे सांगितलेले असते. स्वतःसाठी घेतलेले नाव आणि इतरांनी दिलेले नाव यांत भेद केलेला असतो. अर्थ विवाद्य असल्यास तो विवाद्य आहे हे नमूद केलेले असते, व उदाहरणे एकाच पक्षाच्या लेखनातून घेतलेली नसतात. व्याख्येची एक सोपी कसोटी अशी सांगता येईल की, तीत वर्णिलेल्या मताचा अनुयायी व विरोधक या दोघांनीही आपण याच गोष्टीविषयी बोलत आहोत, असे मान्य केले पाहिजे. समाजवादाची जी व्याख्या समाजवाद्याला ओळखू येत नाही, किंवा भांडवलशाहीची जी व्याख्या तिच्या समर्थकाला ओळखू येत नाही, ती व्याख्या नसून अभिप्राय होय.

वाचकाच्या बाजूनेही काही पथ्ये पाळणे इष्ट ठरते. राजकीय शब्दासाठी एकाहून अधिक कोश पाहावेत. कोशाचे प्रकाशनवर्ष, आश्रयदाता व प्रस्तावना पाहावी. जुन्या व नव्या आवृत्त्यांतील फरक पाहावा. दोन आवृत्त्यांमध्ये एखाद्या नोंदीचे शब्द बदललेले आढळले, तर त्या दरम्यान समाजात कोणीतरी त्या शब्दासाठी झगडले असण्याची शक्यता मोठी असते. शब्दकोश वादाचा निकाल देऊ शकत नाही. तो वाद कशाविषयी आहे, केव्हापासून आहे व कोणाकोणात आहे, हे मात्र तो सांगू शकतो. आणि लोकशाही समाजात त्याचे तेच कार्य अधिक महत्त्वाचे आहे.